सल्ला हवा: शिडाच्या बोटींची रेगाटा पर्यावरणाला कमीत कमी त्रास देऊन कशी भरवावी?

निळाई

आमच्या सेलिंग क्लबची वार्षिक रेगाटा (शिडाच्या बोटींच्या शर्यती) चार महिन्यांवर आली आहे. यंदा पर्यावरणाची बाजू माझ्याकडे आहे. तीन दिवस, साठेक बोटी. निम्म्या मुलांच्या डिंगी (लहान, हलक्या बोटी), बाकीच्या कील बोटी (तळाला जड पाते असलेल्या मोठ्या बोटी). बऱ्याच बोटी ट्रेलरवरून बाहेरगावाहून येतात.

समितीत आतापर्यंत आलेल्या सूचना: स्ट्रॉ बंद, प्लॅस्टिकऐवजी कागदी कप, शेवटच्या दिवशी किनारा सफाई आणि प्रवेशद्वारावर मोठा फलक. यात वाईट काही नाही, पण एवढ्यावर रेगाटेला पर्यावरणपूरक म्हणायला मन धजत नाही. ज्या पाण्यावर आपण खेळतो त्याच्याशी निदान प्रामाणिक तरी राहावं असं वाटतं. सुरुवात कुठून करू? आयोजनाचा अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रेस_ऑफिसर

सुरुवात नोटीस ऑफ रेसपासून, म्हणजे स्पर्धेच्या अटी सांगणाऱ्या अधिकृत सूचनापत्रापासून करा, आणि ती निघण्याआधी करा. एकदा ती जाहीर झाली, प्रवेशअर्ज येऊ लागले, की तुमच्या हातात फक्त फलक आणि कचरापेट्या उरतात. कोच बोटी (प्रशिक्षकांच्या इंजिनबोटी) किती, बाटल्या आणायच्या की नाही, टी-शर्ट सगळ्यांना की मागेल त्याला, बोट धुतल्याशिवाय पाण्यात उतरवता येईल का, हे सगळं त्या कागदावर ठरतं.

नियमांचा आधार आधीपासून आहे. वर्ल्ड सेलिंग या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शर्यतीच्या नियमावलीतला नियम ४७ सांगतो की स्पर्धकांनी आणि सपोर्ट पर्सननी (कोच, पालक वगैरे मदतनीसांनी) जाणूनबुजून पाण्यात कचरा टाकायचा नाही, आणि पाण्यावर असेपर्यंत हा नियम सतत लागू असतो, फक्त शर्यत चालू असताना नव्हे. स्किपर्स ब्रीफिंगमध्ये (शर्यतीआधी बोटींच्या कप्तानांना सूचना देण्याच्या बैठकीत) हा नियम मोठ्याने वाचून दाखवा. पुष्कळ जणांनी तो कधी वाचलेलाच नसतो.

एक उदाहरण देतो. स्पिनेकर (पुढचं मोठं, फुग्यासारखं शीड) वर चढेपर्यंत फुलू नये म्हणून रबर बँड किंवा लोकरीच्या धाग्याने बांधतात. शीड उघडलं की ते तटातट तुटून थेट पाण्यात पडतात. मार्कच्या (शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) वळणावर वीस बोटींनी एकामागून एक हेच केलं तर किती रबर बँड गेले याचा हिशेब करा. झिपवाली स्पिनेकर बॅग किंवा सॉक (शिडावर चढवायची लांब पिशवी) वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही. मोठ्या बोटींना हे आधी कळवलं तर त्या तयारीने येतात.

वल्हेकर

रेस_ऑफिसर यांना अनुमोदन. पण माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा अजून आलेलाच नाही: पेट्रोल.

शिडाची बोट वाऱ्यावर चालते म्हणून आपला खेळ स्वच्छ, असं आपण धरून चालतो. रेगाटेच्या दिवशी पाण्यावर इंजिनं किती असतात ते एकदा मोजा. शर्यत चालवणाऱ्यांची कमिटी बोट, मार्क टाकणाऱ्या मार्क बोटी, बचावासाठीच्या सेफ्टी बोटी, आणि त्यावर प्रत्येक क्लबच्या कोचची वेगळी रिब (कडेला हवा भरलेली इंजिनबोट). ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण २२ लिटर पेट्रोल पितं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक रिब एक तास सुसाट गेली की ५० किलो. त्यापुढे स्ट्रॉ म्हणजे काहीच नाही.

सेफ्टी बोटींना मात्र हात लावू नका. मुलांच्या डिंगी पाण्यात असताना तिथे काटकसर नको. कापायचं ते कोच बोटींमध्ये: दोन-तीन क्लब मिळून एक रिब, आणि ती ठरवलेल्या पट्ट्यातच थांबेल. रिब चालवणाऱ्यांना एवढं सांगा की बोटीचं नाक वर करून अर्धवट वेगात रेटायचं नाही. एक तर सावकाश जा, नाहीतर वेग घेऊन बोटीचं नाक खाली येऊ द्या, ती पाण्यावर सपाट धावू लागली की मग थ्रॉटल कमी करा. दोन शर्यतींच्या मध्ये इंजिन बंद. पेट्रोल जेटीवर फनेल लावून, खाली शोषक पॅड धरूनच भरायचं. जास्तीत जास्त सांडणं तिथेच होतं.

खोलपाणी

मार्कबद्दल लिहितो. जीपीएसवर जागा धरून राहणारे रोबोटिक मार्क आता मिळतात. खाली इलेक्ट्रिक मोटर असते, नांगर नसतो. वारा फिरला की फोनवरून मार्क हलवायचा. मार्क बोटींची पळापळ बरीच वाचते. परवडत असतील किंवा भाड्याने मिळत असतील तर जरूर बघा, पण जोराच्या प्रवाहात बॅटरी लवकर उतरते, तेव्हा एक साधा मार्क हाताशी ठेवा.

नेहमीचे मार्क टाकणार असाल तर तळ कसला आहे हे आधी माहीत करून घ्या. तळाशी सागरी गवत असेल तर नांगराची साखळी प्रवाहाबरोबर फिरत राहते आणि तेवढं वर्तुळ बोडकं करते. ते गवत पुन्हा यायला वर्षं लागतात, आणि माशांची पिल्लं वाढतात ती तिथेच. चार्टवर (सागरी नकाशावर) वाळूचा तळ शोधा आणि स्टार्ट लाइन तिकडे सरकवा. नांगर उचलताना बोट त्याच्या बरोबर वर आणून सरळ उभा ओढायचा, फरफटत न्यायचा नाही. कमिटी बोटीलाही हेच लागू, तिचा नांगर तर सगळ्यात जड असतो.

निळाई

हे सगळं नवीन आहे माझ्यासाठी, मनापासून आभार. स्टार्ट लाइनच्या जागेबद्दल उद्याच बोलते. दोन प्रश्न. कागदी कपांचं काय करू? आणि बाहेरून येणाऱ्या बोटींबद्दल वेगळं काही करावं लागेल का?

मीठवारा

कपांचं उत्तर सोपं आहे: एकदा वापरून फेकायचे कप आणूच नका. कागदी कपाला आतून बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकले जाणारे पीएलएचे (वनस्पतींपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचे) कप औद्योगिक कंपोस्टमध्ये, ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच नीट कुजतात. समुद्राच्या गार पाण्यात ते साध्या प्लॅस्टिकसारखेच पडून राहतात. नावावर विश्वास ठेवून लोक ते निश्चिंत मनाने टाकतात, ही त्यातली वाईट गोष्ट.

प्रत्येकाने स्वतःची बाटली आणायची. जेटीवर पाण्याचे नळ किंवा मोठे पिंप, आणि पाण्यावर दोन सेफ्टी बोटींमध्ये नळवाले जेरीकॅन. हे दुसरं विसरू नका. उन्हात तिसऱ्या शर्यतीपर्यंत मुलांच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि पाणी मिळालं नाही तर पुढच्या वर्षी पालक बंद बाटल्यांचे खोकेच घेऊन येतील. त्यांना दोष देता येणार नाही.

टी-शर्ट, गुडी बॅग वगैरे: प्रवेशअर्जात विचारा, हवं त्यालाच, पैसे घेऊन. मागणी आपोआप उतरते. सूचना, निकाल, प्रोटेस्टचे (नियमभंगाच्या तक्रारींचे) अर्ज सगळं ऑनलाइन नोटीस बोर्डावर. जेवण शाकाहारी ठेवा आणि आकडा आदल्या दिवशी पक्का करा.

ओहोटी

बाहेरून येणाऱ्या बोटींबद्दल मी सांगते, कारण हा विषय सगळे सोडून देतात. एका जलाशयातले जीव दुसऱ्या जलाशयात ट्रेलरवर बसून जातात. झेब्रा शिंपला असाच बोटींबरोबर उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांमध्ये पसरला आणि तिथले पाण्याचे पाइप तुंबवून बसला. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये यासाठी ‘तपासा, स्वच्छ करा, कोरडं करा’ अशी मोहीमच आहे. सेंटरबोर्डची (डिंगीच्या तळातून वरखाली होणाऱ्या पात्याची) खाच, ट्रेलरचे रोलर, ओले दोर, बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाशी) साचलेलं पाणी, या जागा बघायच्या. येण्याआधी घरी धुऊन वाळवून आणा असं नोटीसमध्ये लिहा, आणि पोचल्यावर स्लिपवेपासून (बोटी पाण्यात उतरवायच्या उतारापासून) दूर, पाणी जमिनीत मुरेल अशा जागी धुण्याची सोय करा.

कील बोटींचा तळ मात्र या तीन दिवसांत कुणालाही पाण्यात घासू देऊ नका. अँटिफाउलिंग रंगात (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या) तांबं असतं आणि घासलं की ते सगळं खाली बसतं. टीबीटी हे कथिलाचं विषारी संयुग असलेल्या रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण तांब्याचे रंग सर्रास चालतात. टॉयलेट असलेल्या बोटींचं सांडपाणी टाकीतच राहील, पंप-आउट (ती टाकी उपसून रिकामी करायची सोय) कुठे आहे तेही कळवा.

आणि प्रवास! लांबून गाड्या आणि ट्रेलर येतात, त्यांचं इंधन बहुतेक वेळा पाण्यावरच्या इंजिनांपेक्षाही जास्त भरतं. एका ट्रेलरवर दोन-तीन डिंगी, पाहुण्यांना क्लबच्या बोटी भाड्याने, आणि जमलं तर जवळच्या क्लबशी बोलून लागोपाठच्या आठवड्यांत दोन स्पर्धा, म्हणजे लांबचे लोक एकदाच येतील.

खोलपाणी

पाणी घाण असलं तर आपला खेळच उरत नाही, हे ऑलिंपिकने दोनदा दाखवलं आहे. २००८ मध्ये चीनमधल्या चिंगदाओला हिरव्या शेवाळाने शर्यतीची जागा व्यापली आणि ते काढायला हजारो माणसं आणि मच्छीमार बोटी लागल्या. २०१६ मध्ये रिओच्या ग्वानाबारा उपसागरात तरंगता कचरा गोळा करायला खास बोटी फिरवाव्या लागल्या. समितीत कुणी कुरकुर केली तर हे सांगा.

रेस_ऑफिसर

तयार यादी हवी असेल तर ‘सेलर्स फॉर द सी’ या संस्थेचा ‘क्लीन रेगाटाज’ कार्यक्रम बघा. आयोजकांसाठी मुद्द्यांची यादी आहे आणि किती मुद्दे पाळले त्यानुसार प्रमाणपत्राचे स्तर आहेत. आयएसओ २०१२१ हे कार्यक्रमांच्या शाश्वततेचं मानक आहे, पण साठ बोटींना ते जड होईल.

यंदा निदान दोन नोंदी ठेवा: प्रत्येक इंजिनबोटीने रोज भरलेलं पेट्रोल, आणि कचऱ्याच्या पिशव्यांचं वजन. सामान तोलायचा लटकता काटा पुरतो.

निळाई

समितीपुढे ठेवायला नोटीस ऑफ रेससाठी मजकूर केला आहे, बघाल का?

“स्पर्धकांनी नियम ४७ पाळावा. शिडं बांधण्यासाठी तुटून पाण्यात पडेल असं साहित्य वापरू नये. बोटी व ट्रेलर घरून धुऊन, वाळवून आणावेत. स्वतःची पाण्याची बाटली आणावी. भरण्याची सोय जेटीवर व पाण्यावर असेल. कोच बोटींची नोंदणी आगाऊ करावी; दोन किंवा अधिक क्लबांनी मिळून आणलेल्या बोटीला प्राधान्य मिळेल.”

रेस_ऑफिसर

चांगलं झालंय. पहिल्या वाक्यात “स्पर्धकांनी व सपोर्ट पर्सननी” करा, नाहीतर कोच आणि पालक सुटले असं वाटेल. आणि कोच बोटींच्या नोंदणीची शेवटची तारीख घाला. तारीख नसली की सगळे आदल्या रात्री येतात आणि मग कुणालाच नाही म्हणता येत नाही.