कोकण रेल्वेवरच्या मालगाडीचं इंजिन टिपायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर प्रवासी गाड्यांचे फोटो सगळेच काढतात. माझा जीव मात्र मालगाड्यांवर, त्यातही १९९९ पासून चालणाऱ्या रो-रोवर, म्हणजे भरलेले ट्रकच वाहून नेणाऱ्या गाडीवर. सपाट वॅगनवर ओळीने ट्रक, पुढे ते दणकट इंजिन आणि मागे हिरवा डोंगर! हे दृश्य मला मनासारखं एकदा तरी मिळायला हवं.

अडचण अशी, की मालगाडीचं छापील वेळापत्रक नसतं. गेल्या महिन्यात कोलाडजवळ रस्त्यावरून चार तास वाट पाहिली. गाडी आली तेव्हा ढग दाटले होते; हेडलाइटने फोटो पांढरा पडला आणि इंजिनाचं तोंड काळंठिक्कर. शटर १/५०० सेकंद होतं, लेन्स ७०-३०० मिमी. एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) कमी केलं तर डोंगर अंधारात बुडतो. तुम्ही काय करता?

दुसरं म्हणजे, विद्युतीकरणानंतर खांब आणि तारा फ्रेममध्ये येतात. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल सार्वजनिक रस्त्यावरून नीट दिसेल अशी जागा कुणाला माहीत आहे का? रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत मला अजिबात जायचं नाही. सह्याद्रीमुळे तिथे सकाळचं ऊन किती वाजता पोचतं, तेही सांगा.