हापूसचा हिशोब पिकलमध्ये ठेवायचा की जेसनमध्ये?

पावसचा_पोरगा: काकांच्या बागेचा हिशोब मी दोन सीझन पायथनमध्ये ठेवतोय, वाशीला कुठल्या तारखेला किती पेट्या गेल्या, दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) कितीची आली, गाडीभाडं, हमाली वगैरे. पहिल्या वर्षी सगळं पिकल डंप केलं, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या साठवणीच्या प्रकारात फाईल केली, दोन ओळींत काम खल्लास. यंदा जुनी फाईल उघडायला गेलो तर एरर, कारण मधल्या पावसाळ्यात मी क्लासचं, म्हणजे नोंदीच्या साच्याचं, नाव 'पेटी'चं 'खेप' केलं होतं आणि पिकलच्या फाईलीत क्लास नसतोच, नुसतं त्याचं नाव आणि मॉड्यूल (तो ज्या कोडच्या फाईलीत आहे ती) असतं, ते सापडलं नाही की बोंबला. माझं मत असं की घरचा हिशोब पिकलमध्ये ठेवूच नये. जेसन करा, तो साध्या मजकुराचा प्रकार, नोटपॅडमध्ये पण वाचता येतं.

लाल_माती: नाव तू बदललंस आणि शिव्या पिकलला? जेसन काय करतं ते बघ. डिक्शनरीत (खूण आणि तिच्यासमोर माहिती, त्यातली खूण म्हणजे 'की') की म्हणून आकडे ठेव, ४ डझनच्या ४० पेट्या, ५ डझनच्या २५. डंप करून परत लोड केलंस की त्या ४ ची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, झालेली असते. मग तू ४ ला, म्हणजे अंकाला, गेट मारून (की नसेल तर शून्य धर असं सांगून) आणखी १२ मिळवतोस, पायथनला अंकाची की सापडत नाही, शून्य मिळतं, तो १२ लिहून मोकळा. आता डिक्शनरीत दोन चार झाले, एक स्ट्रिंग एक अंक. परत डंप, फाईलीत "४" दोनदा, परत लोड केलं की शेवटचा राहतो. ४० पेट्या गायब आणि एरर एक नाही! माझं हे झालंय, दोन दिवस शोधत होतो. जेसनमध्ये टपलची (न बदलता येणाऱ्या यादीची) साधी लिस्ट होते, तारीख तर घेतच नाही. पिकलमध्ये जे टाकलं तेच परत.

पावसचा_पोरगा: कीचं मान्य. पण पिकलची फाईल लोड करताना आतला कोड चालू शकतो, पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की भरवशाच्या नसलेल्या फाईली उघडू नका. आमच्याकडे फाईली व्हॉट्सअॅपवरून फिरतात.

लाल_माती: तुमच्या पेट्या हॅक करायला कोण येतोय रे 😄 आणि नोटपॅडमध्ये वाचता येतं म्हणतोस, उघडून बघितलंस का? मराठी असेल तर 'हापूस'च्या जागी बॅकस्लॅश यू ०९३९ आणि पुढे तसलेच आकडे. पाच युनिकोड अक्षरांची (ह, काना, प, ऊकार, स) तीस अक्षरं.

पावसचा_पोरगा: एन्शुअर-आस्की (मराठीचे असे आकडे करणारी सेटिंग) फॉल्स केलं आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, उघडली की 'हापूस' हापूसच राहतो. डिफॉल्ट तसं का ठेवलंय देव जाणे, आपल्याला ताप.

मालवणी_खाजा: रे मेल्यांनो, कशाक होया जेसन नि फेसन! सीएसव्ही (स्वल्पविरामान तोडलेल्यो ओळी) कर, काका एक्सेलात उघडतले, बेरीज मारतले, विषय संपलो.

पावसचा_पोरगा: तेच केलं होतं, एक्सेलने मराठीचा खिमा केला. एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग (सुरुवातीला ओळखखूण असलेलं यूटीएफ-८) दिल्यावर सुधारलं. पण एका खेपेत चार प्रकारच्या पेट्या, त्यात दोन दलाल, ते एका ओळीत कसं मावणार? आणि सीएसव्हीतून वाचलेलं सगळं स्ट्रिंगच, म्हणजे लाल_मातीचं दुखणं दुप्पट.

मालवणी_खाजा: मग चार ओळी कर. वहीत काय करतंत?

लाल_माती: ह्याचं खरं म्हणजे बरोबर आहे. पण जुन्या पिकलचं काय केलंस शेवटी?

पावसचा_पोरगा: त्याच मॉड्यूलमध्ये 'पेटी = खेप' एवढी एक ओळ टाकली, म्हणजे जुनं नाव नव्या क्लासकडे वळवलं, फाईल लोड झाली, लगेच जेसन काढून ठेवलं. तारखा आयसोफॉरमॅटने, म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात.

लाल_माती: आणि ४ डझनची की?

पावसचा_पोरगा: लोड केल्यावर इंट (पूर्णांक) करतो. आज तुझं वाचल्यावर घातलं 🙏 आता मागच्या महिन्याच्या पट्ट्या परत मोजायला बसलोय.