लिंबू पाजून झोपवू नका

"दारू जास्त झाली की लिंबू पाजून झोपवायचं, सकाळपर्यंत उतरते," असं एकाने लिहिलंय. कळकळीने सांगते, असं करू नका. माणूस आडवा झाला तरी पोटातली दारू रक्तात जातच असते, त्यामुळे झोपेतही प्रमाण वाढू शकतं. यकृत तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच अल्कोहोल कमी करतं. लिंबू, ताक, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही.

१०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही आपल्या वाहन कायद्याची मर्यादा. तेवढ्यानेही अंदाज चुकू लागतो, आणि आत्मविश्वास मात्र वाढलेला असतो. १००च्या पुढे जीभ जडावते, तोल जातो. ३००च्या आसपास खरी भीती: घशात आलेली उलटी खोकून बाहेर टाकता येत नाही, ती श्वासनलिकेत जाते. रोज पिणारा एवढ्यावरही चालता-बोलता दिसू शकतो, म्हणून दिसण्यावर जाऊ नका.

कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून ठेवा, एकटं सोडू नका. तोंडात काही ओतू नका. हलवूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ झाला असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर लगेच १०८ला फोन करा.