मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धेसाठी परगावी गेलात? तुमचे अनुभव लिहा

गेल्या शनिवार-रविवारी लेकीच्या स्पर्धेसाठी आम्ही सगळे परगावी जाऊन आलो. तिचे तीन सामने झाले. १० मिनिटांचा एक क्वार्टर, असे चार, म्हणजे एका सामन्यात ४० मिनिटांचा खेळ आणि तिन्ही मिळून दोन तास. उरलेले ४६ तास आम्ही गाडी चालवली, बॅगा राखल्या, चार्जिंगचा पॉइंट शोधला आणि धाकट्याला "झालंच आता" असं खोटं सांगितलं.

सुरुवात माझ्यापासूनच करते. वेळापत्रकात ज्या संघाचं नाव आधी, त्याने फिकट जर्सी घालायची, दुसऱ्याने गडद. त्यामुळे दोन्ही न्याव्या लागतात. गडद जर्सी मी धुऊन वाळत घातली होती, ती दोरीवरच राहिली. पोरगी नुसती बघत राहिली माझ्याकडे. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी कोचकडची जादाची १४ नंबरची मिळाली, सामन्याआधी स्कोअरशीटवर तसा बदल करून घेतला. पण सासूबाईंना ते सांगायचं राहूनच गेलं. त्या नातीला लांबून ७ नंबरावरूनच ओळखतात. अख्खा पहिला क्वार्टर त्यांनी समोरच्या संघाच्या ७ नंबरसाठी टाळ्या वाजवल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "आज छान खेळतेय गं, पण उंच कशी दिसतेय?"

*

आमचं सात जणांचं पथक दोन गाड्यांतून निघालं. चार मुलं पुढच्या गाडीत, तीन आमच्या. आमचं टायर पंक्चर झालं आणि स्टेपनीतही हवा नव्हती (हो, माझीच चूक). ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू मैदानात उभे नसतील तर सामना गेला, २०–० असा. पुढे गेलेले चौघं वॉर्मअप करत दाराकडे बघत होते म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा विसावं मिनिट चालू होतं.

कोर्ट मोकळंच होतं, म्हणून दोन्ही कोचनी ठरवून मुलांना तासभर खेळवलं. त्यात आम्ही जिंकलो. कागदावर अर्थात २०–०च.

*

मुलगा राखीव खेळाडू. जाऊन-येऊन आठ तासांचा प्रवास आणि तो मैदानात १ मिनिट ४० सेकंद. बायकोने दोनदा माझा हात दाबला, नाहीतर मी कोचशी बोलायला उठलोच होतो. परतताना समजूत कशी घालायची याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबा, टाइमआउटमध्ये कोचनी मला विचारलं, त्यांचा तो डावखुरा कुठून घुसतो. मी सांगितलं. मग दादा तिथेच जाऊन उभा राहिला आणि त्याचं चार्जिंग झालं!"

मला आधी कळेना, हे कसलं चार्जिंग. वाटेत उभ्या असलेल्या बचावपटूच्या अंगावर बॉलवाला धडकला तर फाउल धडकणाऱ्याचा, हे त्याने मला पुढचा अर्धा तास समजावलं. बाकावर बसून पोरगा एवढं बघत होता. मी फक्त घड्याळ बघत होतो.

*

मी त्या "धाकट्यां"पैकी एक, आता मोठी झालेली. दादाच्या स्पर्धांना मला फरपटत नेलं जायचं. गृहपाठ प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, झोप दप्तरावर. आजही शिट्टी आणि बुटांच्या करकर आवाजात मला गाढ झोप लागते. दादाचा एकही सामना नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की हाफटाइमला १५ मिनिटं मिळायची आणि तेवढ्यात आई मला रिकाम्या रिंगखाली बॉल टाकू द्यायची. रिंग ३.०५ मीटर उंच. माझा बॉल जाळीपर्यंतही पोचायचा नाही.

*

कबुली देतो: मी वरून ओरडणारा बाप होतो. "पास दे, पास दे!" लेकीने ऐकलं, पास दिला, समोरच्या मुलीने तो मधेच उचलला. कारण तिनेही ऐकलं होतं. त्याच सामन्यात लेक पाचव्या फाउलवर बाहेर गेली. परतीच्या वाटेवर मी विश्लेषण सुरू केलं, तर तिने शांतपणे हेडफोन लावले. तेव्हापासून घर येईपर्यंत सामन्याचा विषय तिने काढला तरच निघतो. कधी कधी ती काढते.

*

फक्त एक सूचना. परतताना बूट डिकीत टाका, मोजे वेगळ्या पिशवीत, पिशवीला घट्ट गाठ. पहिल्या वर्षी आम्ही सगळं मागच्या सीटखाली ठेवलं होतं. ती गाडी आता विकली. (कारण दुसरं होतं, पण तरी.)