कर लागायच्या आधी व्हेपचा साठा करून ठेवणं बरोबर आहे का?

जिंतूर रोड (धागा सुरू करणारा)
माझा भाचा परभणीचा, सध्या इंग्लंडात लेस्टरला शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं कपाट उघडून दाखवलं. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, लिक्विडच्या १० मिलीच्या बाटल्या, मोजून साठ. म्हणाला, "मामा, १ ऑक्टोबर २०२६ पासून इथं दर १० मिलीमागं २ पौंड २० पेन्स कर लागायलाय, त्यावर व्हॅट वेगळा. फ्लेवरवर बंधनं घालायचा अधिकार सरकारला देणारं विधेयकही नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलंय. आत्ताच भरून ठेवलेलं बरं. दिवाळीला येताना दहा-बारा मित्रांसाठी आणतो."

माझं मत स्पष्ट आहे. साठा करू नये. हे मी आमच्या घरात बघितलंय. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. बातमी आली त्याच संध्याकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन पिशव्या भरून पुड्यांच्या माळा घेऊन आले आणि ज्वारीच्या कोठीमागं ठेवल्या. दोन महिने पुरतील असा हिशोब होता. पण आधी प्रत्येक पुडीसाठी टपरीपर्यंत जावं लागायचं, तेवढाच काय तो आळा होता. माल घरात आल्यावर ते रात्री उठूनही खायला लागले. अडीच आठवड्यांत पिशव्या रिकाम्या झाल्या. मग दुप्पट भावानं, लपूनछपून. तीन वर्षांनी तोंडात दोन बोटंही जाईनात. आई दुधात भाकरी कुस्करून चमच्यानं भरवायची. बंदीची बातमी ही अण्णांना सोडायची एक संधी होती, ती त्या दोन पिशव्यांनी घालवली.

औसा नाका
दादा, अण्णांचं वाचून पोटात तुटलं. पण गुटखा आणि व्हेप एका तागडीत घालू नका. मी १४ वर्षं सिगारेट ओढली. निकोटिनची गम दोनदा करून बघितली, दोन्ही वेळा परत ओढायला लागलो. दुबईला कामाला होतो तेव्हा व्हेपनं सुटली. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवासुद्धा ओढणाऱ्यांना व्हेप सुचवते, आणि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात गम-पट्ट्यांपेक्षा निकोटिनच्या व्हेपनं सिगारेट सोडणारे जास्त निघाले. तिथं त्याच दिवशी १०० सिगारेटमागंही २ पौंड २० पेन्स वाढवायलेत, व्हेप महाग झाला म्हणून माणूस परत सिगारेटकडं वळू नये यासाठी.
भाचा आधी सिगारेट ओढायचा का, हे पहिले विचारा. ओढत असेल तर त्या बाटल्या त्याचा आधार आहेत. बाटली संपलेली आणि खिसा रिकामा, अशा वेळी माणूस मित्राकडं सिगारेट मागतो. मी मागितलीय.

जिंतूर रोड
नाही ओढायचा. सुपारीसुद्धा खात नव्हता. तिथं खोलीतल्या पोरांमुळं थेट व्हेपच सुरू झाला.

औसा नाका
मग त्याच्यापुरतं माझं म्हणणं लागू नाही. बाकीच्यांसाठी मात्र कायम.

कोर्टाच्या पायरीवरून, नांदेड
बाकीची चर्चा नंतर करा. आधी त्या पोराला फोन करून सांगा, एकही बाटली बॅगेत घालू नकोस. आपल्या २०१९ च्या कायद्यात ई-सिगारेटची आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला तेव्हा ज्यांच्याकडं आधीचा माल होता, त्यांनाही यादी करून तो जमा करायला सांगितलं होतं. "मी बंदीच्या आधीच घेतलाय" हे उत्तर तेव्हाही चाललं नाही. मित्रांसाठी म्हणून आणलं तरी विमानतळावर अडकणार तोच.

निराला बाजार
वकीलसाहेब, कायदा तुम्ही सांगता तसाच आहे, पण तो न्यायाचा नाही. सिगारेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते आणि त्यातून सुटायला मदत करणारी वस्तू मात्र गुन्हा. म्हणून इथली पोरं चोरट्या बाजारातून घेतात, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पर्यंत व्हेपमुळं फुप्फुसं खराब झालेले २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच्याशी मुख्य संबंध निघाला तो गांजाच्या अर्कात, बहुतेक चोरट्या मालात, मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा. लेस्टरचा पोरगा दुकानातून तपासलेला माल घेऊन ठेवतोय. त्यात मला चूक दिसत नाही.

कयाधूकाठची फार्मासिस्ट
निराला बाजार, चोरट्या मालाचं तुमचं म्हणणं मला पटतं. साठ्याचं नाही पटत.
ब्रिटनमध्ये एका मिलीत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं. म्हणजे एका बाटलीत २०० मिलिग्रॅम आणि साठ बाटल्यांत १२ ग्रॅमपर्यंत. एवढं विष एका खोलीच्या कपाटात! आंब्याच्या, स्ट्रॉबेरीच्या वासाची बाटली लहान लेकराच्या हाती लागली तर एक घोट पुरे. शिवाय हवा, ऊन, उष्णता लागली की निकोटिन बिघडत जातं, लिक्विड काळपट पडतं. उन्हाळा-पावसाळा काढून वर्षभर आहे तसं राहील असं धरून चालू नये.
आणि जिंतूर रोड, भाच्यावर चिडू नका. चिडलात तर तो सांगायचं बंद करेल. तो राहतो तिथं सोडण्यासाठी मोफत मदत मिळते, तिकडं जायला सांगा. इथल्या कुणाला तंबाखू सोडायची असेल तर १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर फोन लागतो, पैसे पडत नाहीत. २ मिलिग्रॅमची गम आमच्याकडं चिठ्ठीशिवाय मिळते.

उदगीर वेस
सगळे व्हेपवर बोलायलेत, पण २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते. आमच्या गल्लीत अजूनही पुड्या येतात, बंदीला इतकी वर्षं झाली तरी. अण्णांसारखी माणसं घरोघरी आहेत.

जिंतूर रोड
काल रात्री बोललो. बाटल्या आणणार नाही, हे लगेच कबूल केलं. साठ्यावरून मात्र वाद झाला. शेवटी मी त्याला आजोबांचा तो चमचा आठवतो का विचारलं. आठवतो म्हणाला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. दुकानदार न उघडलेल्या बाटल्या परत घेतो का, ते तो आज विचारणार आहे.

औसा नाका
घेत असेल तर चाळीस परत करू दे, वीस ठेवू दे. सगळं एका दिवसात काढून घेतलं तर खोलीतल्या पोरांकडं मागेल. आणि पुढची बाटली मिलीला २० मिलिग्रॅमची नको, १० ची घ्यायला सांगा.

जिंतूर रोड
वीस माझ्या मनाला पटत नाहीत, दादा. पण त्याला तुमचा नंबर देऊ का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.