एच-इंडेक्स पाहून कर्करोग संशोधकाची लायकी ठरवावी का?

जुना ग्रंथपाल

मी २१ वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. बढतीच्या मुलाखती जवळ आल्या की डॉक्टर मंडळी माझ्या टेबलापाशी येतात, "माझी सायटेशन्स काढून द्या," म्हणजे माझ्या लेखांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते. मग असे संदर्भ मोजणाऱ्या स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर अशा तिन्हीकडचे आकडे काढायचे. तिन्हीकडे वेगळे येतात. गूगल स्कॉलरचा बहुधा सगळ्यात मोठा, म्हणून अर्जात तोच जातो.

गेल्या महिन्यात निवड समितीतल्या एका सदस्यांनी एका कॅन्सर सर्जन बाईंचा अर्ज उघडला, पहिलं पान पाहिलं आणि मिटला. "एच-इंडेक्स ६. पुढचा घ्या." या बाई १२ वर्षं तोंडाच्या कर्करोगाच्या आपल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवत आल्या आहेत. ऑपरेशननंतर कोण तपासणीला आलं, कोण आलं नाही, गाठ पुन्हा कुठे उठली. जो येत नाही त्याला फोन करतात, तो लागला नाही तर गावच्या सरपंचांना करतात. हे लिहायला अर्जात रकानाच नव्हता. तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एच-इंडेक्स ही कल्पना २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. तुमच्या २० लेखांचा प्रत्येकी निदान २० वेळा इतरांनी संदर्भ दिला असेल, तर तुमचा एच २०. चुकीचं म्हणून खोडून काढायला संदर्भ दिला तरी तो मोजला जातो. पन्नास लेखकांत तुमचं नाव चाळिसावं असलं तरी पूर्ण मोजला जातो.

आता कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे यांना या मापाने मोजून बघा. पुण्यात १९१७ साली जन्म, १९४९ साली डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी., मग बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या हेला या मानवी कर्करोगपेशी शरीराबाहेर वाढत्या ठेवल्या गेल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. परत येऊन रणदिव्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा वाटा शोधायला उंदरांच्या पिढ्यान् पिढ्या पाळल्या. दोनशेवर लेख त्यांच्या नावावर आहेत, १९८२ चं पद्मभूषण आहे. पण त्या काळच्या भारतीय नियतकालिकांतले कितीतरी लेख आजच्या डेटाबेसमध्ये सापडत नाहीत, हे मी रोज पाहतो. आणि पेशी जिवंत कशा ठेवायच्या हे त्यांच्या प्रयोगशाळेत शिकून जी माणसं पुढे गेली, त्यांची मोजदाद कुठे करायची?

माझं स्पष्ट मत आहे की कर्करोगाच्या क्षेत्रात तरी हा आकडा अर्जातून काढूनच टाकावा.

संख्याशास्त्री

पूर्ण असहमत, आणि कारण वैयक्तिक आहे. माझ्या घरात मी पहिला शिकलेला. मुलाखतीला गेलो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कुणी ओळखीचं नव्हतं, मागे कुणी "सर" नव्हते. हातात होते ते ११ लेख आणि त्यांचे आकडे. आकडा काढून टाकलात की उरते ती शिफारस, आणि शिफारस कोणाच्या पोराला मिळते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

दुसरं, तुमच्या सर्जनबाईंबद्दल. तोंडाच्या कर्करोगात एक जुना वाद होता. गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या, की वाट पाहायची आणि रोग तिथे पोचला तरच काढायच्या? देशभरातल्या सर्जनांच्या कपाटांत याच्या नोंदवह्या होत्या. प्रत्येकाचा अनुभव होता, आणि प्रत्येकाचा वेगळा होता. निकाल कधी लागला? टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले आणि २०१५ साली ५०० रुग्णांचा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापला तेव्हा. तीन वर्षांनी हयात असलेले: ग्रंथी आधीच काढलेल्यांत ८० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५. त्यानंतर जगभर उपचार बदलला. छापलं म्हणून बदलला. नोंदवही कपाटात राहिली तर ती त्या बाईंच्या रुग्णांपुरती. बाईंच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण १२ वर्षांत त्यातून लिहिलं का गेलं नाही, हा प्रश्न समितीने विचारला तर तो चुकीचा नाही.

पॅथॉलॉजीवाली

संख्याशास्त्री, लिहिलं का गेलं नाही ते मी सांगते. दिवसाला किती ऑपरेशनं, किती ओपीडी, विद्यार्थी, वर वैद्यकीय आयोगाच्या तपासणीची कागदपत्रं. आमच्याकडे लिहायला वेळ त्यालाच मिळतो ज्याच्या वाट्याचे रुग्ण दुसरं कोणी पाहतं.

आणि आकडा लागला की काय होतं तेही पाहिलंय. निवासी डॉक्टरच्या प्रबंधातून लेख निघतो, त्यावर पाच नावं चढतात, ज्याने स्लाइड बघून डोळे दुखवले तो तिसरा. पैसे भरून आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं माझ्या मेलमध्ये रोज येतात.

संदर्भ कशाला मिळतात हेही बघा. "सीए" नावाचं कर्करोगाचं एक नियतकालिक आहे, त्याचा २०२० चा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या एका लेखाला सरासरी मिळालेले संदर्भ, ५०८. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नलचा शंभराच्याही आत होता. कारण एवढंच की कर्करोगाच्या रुग्णसंख्येचे वार्षिक आकडे "सीए"त येतात आणि कर्करोगावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखाचं पहिलं वाक्य तिकडे बोट दाखवतं. ते काम महत्त्वाचं आहेच. पण पाचपट आकडा म्हणजे पाचपट मोठा शोध, असं कुणी म्हणेल का?

ह्यूस्टनकर

इकडे राहतो म्हणून इथली एक गोष्ट सांगतो. तिच्यात दोन्ही बाजूंना घेण्यासारखं आहे.

ड्यूक विद्यापीठातल्या अनिल पोट्टी यांच्या गटाने २००६ साली नेचर मेडिसिनमध्ये लेख लिहिला. गाठीतल्या जनुकांची हालचाल पाहून कुठलं केमो कोणाला लागू पडेल हे आधीच सांगता येईल, असा दावा. लेख गाजला, रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. आमच्या इथल्या एम. डी. अँडरसन या कर्करोग रुग्णालयाच्या डॉक्टरांना ते वापरायचं होतं, म्हणून कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोघांनी आकडे पुन्हा मांडून पाहिले. जमेनात. कोष्टकात जनुकांची नावं एका ओळीने सरकलेली, काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांची लेबलं उलटी. म्हणजे ज्याला जे औषध लागू नाही तेच मिळण्याचा धोका. या दोघांनी पत्रं लिहिली, २००९ मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात सगळं सविस्तर मांडलं, तरी चाचण्या थांबून पुन्हा सुरू झाल्या. शेवटी २०१० मध्ये पोट्टींनी आपल्याला ऑक्सफर्डची मानाची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाल्याचं खोटंच लिहिलं होतं हे बाहेर आलं, तेव्हा गाडी थांबली. लेख मागे घेतले गेले.

त्या काळात पोट्टींचा सायटेशन आलेख बॅगर्लींच्या त्या कामापेक्षा कितीतरी उंच होता. रुग्ण कोणी वाचवले, ते तुम्हीच ठरवा. पण संख्याशास्त्रींच्या बाजूनेही बोलायला हवं: काम छापलेलं होतं, आकडे हाती लागले, म्हणून चूक पकडता आली. न छापलेलं कोण तपासणार?

बार्शीकरीण

मी संशोधक नाही, शिक्षिका आहे. पण आमच्या भागाचं नाव या चर्चेत यायलाच हवं. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधून १९८७ पासून खेड्यापाड्यांतली कर्करोगाची नोंद ठेवली जाते, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. डॉ. नेने आणि त्यांची माणसं गावोगाव फिरली. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ समूह, १,३१,७४६ बायका; चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे समूह वेगवेगळ्या गटांत वाटले. एका गटात एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी फक्त एकदा केली, तेवढ्यानेच त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. माझी मावशी परांड्याकडची, तिची तपासणी त्यात झाली होती. बायका आधी तयारच होत नसत. "मला काही होत नाही, मग दाखवायचं कशाला?" घरी येऊन, सासूला समजावून, पुन्हा येऊन त्यांना आणलं. ते काम कोणाच्या एच-इंडेक्समध्ये गेलं?

संख्याशास्त्री

बार्शीकरीणताई, मनापासून वाचलं. पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो २००९ चा लेख, डॉ. शंकरनारायणन पहिले लेखक, डॉ. नेने दुसरे, या विषयातल्या सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या लेखांपैकी आहे. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, त्यामागे असलेल्या पुराव्यात तो आहे. म्हणजे माप इथे बरोबर लागलं.

आणि एक गोष्ट झाकून ठेवायला नको. त्या चाचणीत एका गटाला तपासणी दिलीच नव्हती, फक्त माहिती आणि नेहमीची सोय. ६४ बायका त्या गटात याच कर्करोगाने गेल्या, एचपीव्ही गटात ३४. यावर वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी कडक आक्षेप घेतले. तेव्हा "परिणाम बघा, आकडे नको" म्हणणाऱ्यांनी हाही परिणाम हिशेबात धरावा.

बार्शीकरीण

धरते. मावशीच्या गावाला वेगळी चिठ्ठी निघाली असती तर, हा विचार माझ्याही मनात येतो.

जुना ग्रंथपाल

संख्याशास्त्री, तुमचं एक पटलं. आकडा सरसकट काढून टाका, हे मी रागाच्या भरात लिहिलं. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला तो आधार आहे, हे मी टेबलाच्या माझ्या बाजूने पाहिलं नव्हतं.

पण तारखा बघा. चाचणी सुरू १९९९, लेख २००९. स्तनांच्या हाताने तपासणीची मुंबईच्या वस्त्यांमधली टाटाची चाचणी १९९८ ला सुरू झाली, वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. कर्करोगात उत्तर यायला रुग्ण जगावे लागतात, निदान त्यांची वाट पाहावी लागते. या वर्षांत घरोघर फिरणाऱ्या तरुण डॉक्टरचा अर्ज समितीपुढे आला असता तर? "पुढचा घ्या." उत्तर आल्यावर माप बरोबर लागतं हे खरं, पण बढती त्याच्या आधी असते. जो सहा महिन्यांत उत्तर येईल असाच प्रश्न निवडेल तो वर जाणार, आणि पाच वर्षांनी कोण जगलं हे विचारणारा मागे राहणार. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मी सोडणार नाही.

संख्याशास्त्री

हा मुद्दा मला खोडता येत नाही. मग रकाना वाढवा. सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदणीत नोंदवलेली चाचणी, ठरवलेले रुग्ण किती, आतापर्यंत आले किती, पाठपुरावा किती वर्षांचा. हे सगळं लेख छापून येण्याआधीही तपासता येतं, आणि त्यात ओळखपाळख चालत नाही.

जुना ग्रंथपाल

बाईंची नोंदवही चाचणी नाही. तिला क्रमांक नाही. पण ती लिहून काढायची असेल तर तुम्ही आकडेमोडीला मदत कराल का? संदर्भ शोधणं माझ्याकडे.

पॅथॉलॉजीवाली

आधी नीतिशास्त्र समितीची परवानगी, मग बाकीचं. जुन्या नोंदी असल्या तरी लागते. अर्जाचा मसुदा मी देते. आणि पहिलं नाव बाईंचंच, हे आत्ताच ठरवा.

संख्याशास्त्री

करेन. परवानगी आल्यावर नावं-पत्ते काढून पाठवा. पण त्याआधी बाईंना एकच विचारा, १२ वर्षांत ज्यांचा मागच लागला नाही असे रुग्ण किती? ती संख्या मोठी असेल तर पुढचं काहीच धडपणे सांगता येणार नाही.

जुना ग्रंथपाल

आत्ताच फोन केला. अशा रुग्णांची वेगळी वही आहे म्हणाल्या, लाल पुठ्ठ्याची. उद्या ग्रंथालयात घेऊन येतायत.