नववीची पोरं स्वमत पण गाईडमधलंच लिहितात, स्वतः विचार करायला कसं शिकवायचं?

नववीचे_मास्तर
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवतो. पेपरात स्वमताचा प्रश्न असतो, पोरानं स्वतःला काय वाटतं ते लिहायचं, आणि निम्म्या वर्गाचं स्वमत शब्दाला शब्द सारखं, कारण गाईड सारखं. उभं करून "तुला काय वाटतं रे" विचारलं की पोरगं माझ्या तोंडाकडं बघतंय, सरांना कुठलं उत्तर पायजे ते शोधतंय. क्रिटिकल थिंकिंग, म्हणजे स्वतः तपासून विचार करणं, २०२० च्या शैक्षणिक धोरणात आहे, ट्रेनिंगला गेलं की स्लाइडवर पण असतंय, पण ३५ मिनिटांच्या तासाला पन्नासभर पोरं घेऊन नक्की करायचं काय ते सांगा की कोणीतरी. पोरं हुशार आहेत ओ, ग्राउंडवर एलबीडब्ल्यूवरनं अर्धा तास मुद्द्याला धरून भांडतात, वर्गात आली की गप्प.

पंचगंगाकाठची_बाई
सर, मुद्द्याला धरून भांडता येतंय म्हणजे विचार आहेच, वर्गात भांडण्यासारखं काहीतरी द्या त्यांना. मी भूगोल शिकवते. पावसाळा आला की आमच्यात व्हॉट्सअॅपवर फिरतंच, "राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडले, रात्रीत पाणी शहरात". मी तो मेसेज जसाच्या तसा फळ्यावर लिहिते, खरा का खोटा ते सांगत नाही. पोरांनीच विचारायचं, कोण म्हणतंय, कधीचं आहे, त्याला कसं कळलं. कोणीतरी लगेच ओरडतं, बाई तारीखच नाही! मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची आजची पाणीपातळी बघायची. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्या पोरांना पाठ असतंय, पण समजा आज २७ फूट आहे तर रात्रीत ४३ होईल का, मागच्या चार दिवसांत रोज किती चढलं, हा हिशेब कुणी केलेला नसतो, तो वहीत करायला लावते.
एकदा एका पोरीनं उलटं विचारलं, "बाई, मेसेज खोटा म्हणून सोडून दिला आणि २०१९ च्या महापुरासारखं झालं तर?" मग उरलेला तास त्यावरच गेला. शंका घेतली तरी सावध राहायचं, हे मी सांगितलं असतं तर उपदेश झाला असता, तिच्या तोंडून आलं म्हणून वर्गानं मनावर घेतलं.

रंकाळ्यावरचा_सायन्सवाला
अंबाबाईचा किरणोत्सव घ्या वर्गात. मावळतीची किरणं ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी आणि ९, १०, ११ नोव्हेंबरला गाभाऱ्यात पोचतात, कोल्हापूरच्या पोराला हे नवीन नाही. मी एवढंच विचारतो, वर्षातनं दोनदा का आणि याच दिवसांत का? पहिलं उत्तर येतं, बांधणाऱ्यांनी तसं बांधलंय. बरोबर, पण मग एकदाच का नाही? कॅलेंडर काढायला लावतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर मोजा, ४१ दिवस. २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी, परत ४१! वर्गात जो गलका होतो त्यासाठी मी शिक्षक झालोय. सूर्य दक्षिणेकडं सरकत जातो, डिसेंबरात मागं फिरतो आणि येताना परत त्याच जागी मावळतो, हे न सांगता कोणीतरी बोलतंच. मग काही वर्षी किरणं देवीच्या चेहऱ्यापर्यंत का जात नाहीत? ढग, धुरकट हवा, वाटेतली बांधकामं. प्रत्येकानं कारण द्यायचं आणि ते तपासायचं कसं ते पण सांगायचं, दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. श्रद्धेला कुठं धक्का लागत नाही, मंदिर बांधणाऱ्यांबद्दल आदर वाढतो आणि पोरं घरी जाऊन आजीला समजावून सांगतात.

दहावीची_आई
राग मानू नका सर, पण असं शिकवलं की घरात प्रत्येक गोष्टीला "का?" सुरू होतंय. आणि बोर्डाच्या परीक्षेला याचा उपयोग काय? आम्हाला पर्सेंटेज बघावं लागतंय शेवटी.

पंचगंगाकाठची_बाई
ताई, काळजी समजते. आमच्या वर्गात नियम आहे, "मला पटत नाही" म्हणायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं परत सांगायचं, आणि नंतर कारण द्यायचं. घरी पण लावून बघा, आवाज आपोआप खाली येतो.

नववीचे_मास्तर
लई भारी सांगितलंत दोघांनी. पण प्रश्न टाकला आणि कोणीच बोललं नाही तर? शेवटी मीच उत्तर देऊन मोकळा होतो.

निवृत्त_हेडमास्तर
सर, थांबा जरा जास्त. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, कधी न बोलणारी पोरं बोलायला लागली. तेवढी शांतता सोसायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते. तरी गप्प असतील तर एक मिनिट शेजारच्याशी बोलू द्या, मग हात वर होतात.
गाईडवर बंदी घालू नका, त्यातलंच एक स्वमत फळ्यावर लिहा आणि यातलं काय पटत नाही ते कारणासकट विचारा. ताईंच्या प्रश्नाचं म्हणाल तर बोर्डालाही स्वमत आहेच, आणि घटक चाचणीचा पेपर तर तुम्हीच काढता. मत कुठलंही असू दे, मार्क कारणाला आणि पाठातल्या आधाराला द्या, हे परीक्षेच्या आधीच वर्गात सांगून टाका. पहिल्या चाचणीत मार्क कमी पडतील, पालक विचारायला येतील, तेव्हा त्यांच्या पोराचा पेपर समोर ठेवून बोला.